मुखपृष्ठ कुणाचं? मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

सर्व मराठी प्रकाशकांना,
सादर नमस्कार.

एका मान्यवर प्रकाशनसंस्थेनं यंदा आपल्या जुन्या, गाजलेल्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. ही पुस्तकं पुन्हा मिळू लागली याचा आनंद मला आहेच. पण त्या मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकाचं मूळ मुखपृष्ठ काढून टाकलं आहे. चित्रकारानं ब्रशनं केलेली चित्रं आणि हातानं काढलेली शीर्षकं गेली, त्यांच्या जागी संगणकाला दोन ओळी सांगून करवून घेतलेली चित्रं आली. एका मुखपृष्ठावर विहिरीकाठी नऊवारीतली बाई उभी आहे. तिच्या लुगड्याला काष्टा नाही आणि घागर धरलेल्या हाताला सहा बोटं आहेत. शीर्षक कुठल्याशा फॉन्टमध्ये टाइप करून दोन्ही बाजूंनी ताणून बसवलं आहे. आत श्रेयपानावर अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव आहे, मुद्रकाचं आहे, वितरकाचं आहे. मुखपृष्ठाची ओळच नाही. आधीच्या आवृत्त्यांचं मुखपृष्ठ कुणी केलं होतं, याचाही उल्लेख नाही.

मी त्या संस्थेला पत्र लिहिलं. फोनवरून उत्तर आलं, "मॅडम, वाचक आतला मजकूर वाचतो. कव्हर काय, दर आवृत्तीला बदलतं." संस्थेचं नाव इथे घेत नाही, कारण हा कारभार एका संस्थेपुरता नाही. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांकडे हीच रीत पडत चालली आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना लिहिते आहे, आणि वाचकांनाही वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे.

मी ग्राफिक डिझायनर आहे. पोटापाण्यासाठी कंपन्यांचे अहवाल करते, खोक्यांवरची वेष्टनं करते. मुखपृष्ठं मात्र जीव लावून करते. त्यांची ओढ मला लागली ती, खरं सांगायचं तर, मुखपृष्ठ नसलेल्या पुस्तकांमुळे. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुस्तक आलं की पहिल्यांदा त्याचं कव्हर उतरवून पुठ्ठ्याची बांधणी व्हायची. वर तपकिरी कागद आणि कण्यावर शाईनं लिहिलेला दाखल क्रमांक. सगळी पुस्तकं सारखी दिसायची. पुढे शहरात शिकायला आल्यावर रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तीच पुस्तकं त्यांच्या मूळ चेहऱ्यानिशी भेटली. वाचून पाठ झालेल्या एका कादंबरीचं मुखपृष्ठ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि तिथेच उभी राहून बराच वेळ बघत बसले. चित्रकारानं नायिकेचा चेहरा दाखवलाच नव्हता. पाठमोरी बाई, उघडं दार, आणि दाराच्या चौकटीला टेकलेली शीर्षकाची अक्षरं. कादंबरी त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळली होती.

उपयोजित कला शिकायचं ठरवलं ते त्याच काळात. आजही नवं हस्तलिखित हातात आलं की मी आधी ते वाचते. सगळं वाचते. मग शीर्षक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवते आणि नुसतं बघते. देवनागरीत शीर्षकाला तीन मजले असतात. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार. मधे अक्षराचं अंग. खाली उकार आणि ऋकार. एखाद्या शीर्षकात वरचा मजला गच्च भरलेला असतो आणि खाली काहीच नसतं. एखाद्यात ओळीनं चार काने उभे राहतात आणि त्यांची जणू जाळी तयार होते. एखाद्यात एकच ऱ्हस्व उकार असा येतो की सगळा तोल तिकडे झुकतो. चित्र कुठे ठेवायचं, मोकळी जागा कुठे सोडायची, लेखकाचं नाव कुठे बसेल, हे सगळं त्या अक्षरांवरून ठरतं. रोमन लिपीसाठी केलेला साचा उचलून त्यात मराठी शीर्षक भरलं की ते अवघडलेलं दिसतं, त्याचं कारण हेच आहे.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. आपल्याइतका समृद्ध वारसा फार थोड्या भारतीय भाषांकडे असेल. मडगावहून मुंबईला आलेल्या दीनानाथ दलालांनी मराठी पुस्तकाला रंग दिला. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला आणि मराठी घराघरात चित्र बघायची सवय लावली. दलालांसारखेच गोव्याचे असलेले रघुवीर मुळगावकर रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवर असा उजेड टाकायचे की पुस्तक दुकानात टांगलेलं असताना रस्त्यावरून ओळखू यावं. द. ग. गोडसे यांनी नेपथ्याची नजर पुस्तकाच्या सजावटीत आणली. बाळ ठाकूरांची मोजकी, नेमकी रेघ. पद्मा सहस्रबुद्धे यांनी मुलांच्या पुस्तकांसाठी केलेली चित्रं. वसंत सरवटे पेशानं अभियंते होते. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतली त्यांची चित्रं मजकुरापासून वेगळी काढून दाखवा, जमणार नाही. 'ललित' मासिकाच्या दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठं तर वर्षानुवर्षं साहित्यव्यवहारावरची भाष्यं होती. आणि कमल शेडगे. नाटकाच्या वर्तमानपत्री जाहिरातीत त्यांनी काढलेल्या नुसत्या अक्षरांवरून नाटक गंभीर आहे की फार्स, हे कळायचं. २०२० साली ते गेले तेव्हा ज्यांनी हळहळ व्यक्त केली, त्यांत आपल्यापैकीही बरेच जण होते. त्या हळहळीला स्मरून पुढचं वाचावं, ही विनंती.

माझी पहिली तक्रार नावाबद्दल आहे.

ज्यानं मुखपृष्ठ केलं त्याचं नाव पुस्तकात छापणं हा उपकार नाही, तो त्याचा हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५७वं कलम निर्मात्याला दोन गोष्टी देतं: ही कृती माझी आहे असं सांगण्याचा हक्क, आणि तिची अशी मोडतोड झाली की ज्यानं त्याच्या लौकिकाला बाधा येईल, तर ती रोखण्याचा किंवा नुकसानभरपाई मागण्याचा हक्क. मालकी हक्क दुसऱ्याला दिल्यावरही हे दोन हक्क निर्मात्याकडे राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारनं १९७९ साली काढून गोदामात टाकलं. त्यावरच्या खटल्यात २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष सहगल यांना परत करायला लावले आणि भरपाईही दिली. पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्राची मालकी कुणाची, यावर वकील वाद घालू शकतील. चित्र कुणी काढलं यावर वाद होऊ शकत नाही. चित्रकार गेला म्हणून हा विषय संपतही नाही. दलाल १९७१ साली गेले. कायद्यानं मृत्यूनंतर ६० वर्षं धरली तर त्यांच्या चित्रांवरचा कॉपीराइट २०३१ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे.

आणि प्रत्यक्षात काय होतं? जुन्या मुखपृष्ठातला एक तुकडा कापून नव्या आवृत्तीवर 'डिझाइन एलिमेंट' म्हणून चिकटवला जातो. चित्राच्या कोपऱ्यातली सही ट्रिममध्ये, म्हणजे कडा कापताना, जाते. माझ्या स्वतःच्या एका मुखपृष्ठाची पार्श्वभूमी दुसऱ्या आवृत्तीला हिरव्याची जांभळी झाली, कारण आधीचा रंग "उठत नव्हता". मला ते दुकानात कळलं. नाव माझंच छापलं होतं. नाव न छापणं आणि मी न केलेल्या गोष्टीखाली माझं नाव छापणं, यांत जास्त वाईट काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरी तक्रार व्यवहाराची. त्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण पैशांचं बोलणं आपल्याकडे सगळ्यांनाच अवघड जातं. छपाईचा दर फर्म्यावर (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेल्या पानांवर) ठरतो, मुद्रितशोधनाचा पानावर ठरतो, कागदाचा भाव रोज कळतो. मुखपृष्ठाचं मात्र "बघू, करून तर टाका." करार नसतो. कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम स्पष्ट आहे. हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे नमूद हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. म्हणजे मराठीतली असंख्य मुखपृष्ठं आज कुठल्याही लेखी आधाराशिवाय नव्या आवृत्त्यांवर, ई-पुस्तकांवर, श्राव्य पुस्तकांच्या चौकोनी चित्रांवर आणि अमेरिकेत बसून मराठी पुस्तक मागवणाऱ्या वाचकाच्या पडद्यावर वापरली जात आहेत. यात तुमचाही धोका आहे.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. आवृत्ती हजाराची, कधी पाचशेचीच. कागद महाग, दुकानं कमी, विक्रेत्यांकडून पैसे येता येता वर्ष जातं. मोठी रक्कम द्या, असं मी म्हणत नाही. जी काही ठरेल ती आधी ठरवा आणि लिहून ठरवा, एवढंच म्हणते.

आता तिसरी तक्रार, अक्षरांची. ही सर्वांत जिव्हाळ्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देवनागरीचं छापील रूप ज्या शहरांत घडलं, त्यांत मुंबई पहिल्या रांगेत आहे. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यात एकोणिसाव्या शतकात जे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पडले, त्यांचं वळण देशभर वाखाणलं गेलं. अ, झ, ण यांची 'मुंबई वळणा'ची रूपं पुढे हिंदीनंही स्वीकारली. १९७१ साली बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ राज्याच्या भाषा संचालनालयानं काढला. र. कृ. जोशी कवी होते, सुलेखनकार होते, पवईच्या आयआयटीत शिकवत होते. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांनी घडवला. आज मुंबईचीच 'एक टाइप' ही संस्था 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखे फॉन्ट करून सर्वांना विनामूल्य वापरायला देते. ज्या भाषेच्या माणसांनी हे सगळं केलं, त्या भाषेच्या पुस्तकांवर आज काय दिसतं?

शीर्षकात हिंदी वळणाचा, दंड असलेला ल दिसतो. मराठी ल पाकळीचा आणि मराठी श देठाचा. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ही वर्णमाला प्रमाण म्हणून आली आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सुधारून पुन्हा जाहीर झाली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक सांकेतिक पद्धतीत, दोन्ही वळणांना सांकेतांक एकच आहे, त्यामुळे कोणतं रूप दिसावं हे फॉन्ट आणि त्याला सांगितलेली भाषा ठरवतात. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी रूपं आत ठेवलेली असतात. मांडणी करणाऱ्यानं मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की ती आपोआप येतात. हे काम काही सेकंदांचं आहे. ते होत नाही, कारण ते कुणाचं काम आहे हे कुणी ठरवलेलं नाही.

अक्षरं ताणणं हा याहून मोठा अपराध आहे. देवनागरीचं अक्षर बोरूतून आलं. बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेला असतो, म्हणून आपल्या अक्षराची जाडबारीक रेघ वेगळ्या बाजूला झुकते आणि त्यातून त्याला स्वतःची चाल मिळते. फॉन्ट आडवा ताणला की काने जाड होतात, शिरोरेषा होती तेवढीच राहते आणि अक्षराला सूज येते. उभा ताणला की शिरोरेषाच अंगावर येते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषेला भेगा पडतात. रोमन शीर्षकात अंतर वाढवून जो भारदस्तपणा येतो, तो इथे त्या रीतीनं येत नाही. कणा बारीक आहे म्हणून शीर्षकाची अक्षरं सुटी करून एकाखाली एक रचतात. त्यात वेलांटी कुठल्या अक्षराची आणि काना कुठल्या अक्षराचा, हे वाचणाऱ्यानं शोधत बसायचं. कण्यावरचं शीर्षक कुणी वरून खाली लावतं, कुणी खालून वर. घरातल्या मांडणीसमोर उभं राहून मराठी पुस्तकं शोधताना मान दोन्हीकडे वळवावी लागते.

'मंगल'बद्दलही एक सांगायलाच हवं. तो पडद्यावर, लहान आकारात, संगणकाच्या सूचना नीट वाचता याव्यात म्हणून केलेला फॉन्ट आहे. त्या कामात तो उत्तम आहे. कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर तो बोटभर उंचीचा करून लावला तर तो उघडा पडतो, आणि दोष जोशींच्या कामाला लागतो. त्याच माणसानं हातानं लिहिलेल्या अक्षरांत किती नाट्य होतं हे पाहिलेल्या कुणालाही याचं वाईट वाटेल.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांमधला र मोडतो. आतल्या पानांत असं झालं तर मुद्रितशोधक पकडतो. मुखपृष्ठ मात्र बहुतेक ठिकाणी मुद्रितशोधकाकडे जातच नाही. ते शेवटच्या दिवशी थेट छपाईच्या प्लेटला जातं.

चौथी गोष्ट संगणकाकडून करवून घेतलेल्या चित्रांची. साधन म्हणून संगणकाला माझा विरोध नाही. मी रोज त्यावरच काम करते. पण काष्टा नसलेली नऊवारी छापून जाते, याचा अर्थ त्या चित्राकडे मराठी माणसानं नजर टाकलेली नाही. कोकणातल्या घराला ते यंत्र केरळातलं छप्पर लावतं, वारकऱ्याच्या हातात भलतंच वाद्य देतं, आणि चित्रात पाटी असेल तर तिच्यावर अक्षरांसारखं काहीतरी लिहितं जे कुठल्याच भाषेत वाचता येत नाही. ज्यांच्या चित्रांवर पोसून ही यंत्रं तयार झाली त्या चित्रकारांना विचारलं होतं का, हा प्रश्न वेगळाच. वाचकाला निदान खरं सांगा. मुखपृष्ठ असं केलेलं असेल तर श्रेयपानावर तसं लिहा.

कमी पैशांत काम करायचं म्हणून असं करावंच लागतं, हे मला पटत नाही. कोलकात्यात डी. के. गुप्ता यांच्या सिग्नेट प्रेसनं एका तरुण डिझायनरवर विश्वास टाकला. तो तरुण सत्यजित राय. जिम कॉर्बेट यांच्या नरभक्षक वाघांच्या पुस्तकाच्या बंगाली आवृत्तीला त्यानं वाघाच्या कातडीचं मुखपृष्ठ केलं: पुढे गोळी आत शिरल्याचं भोक, मागे मलपृष्ठावर ती बाहेर पडल्याचं. यात खर्च विचाराचा होता. इंग्लंडमध्ये पेंग्विनची पुस्तकं स्वस्त म्हणूनच ओळखली जायची. त्या संस्थेनं १९४७ साली अक्षररचनाकार यान चिखोल्ड यांना बोलावलं आणि त्यांनी अक्षरजुळणीचे नियम चार पानांत लिहून सगळ्या छापखान्यांना पाठवले. नियम करायला पैसे लागत नाहीत.

शेवटची तक्रार मूळ कामांची. दलाल-मुळगावकरांच्या काळात चित्र कागदावर व्हायचं, त्याचे ब्लॉक (छपाईचे धातूचे ठसे) बनायचे, आणि मूळ चित्र प्रकाशकाच्या कपाटात राहायचं. त्या कपाटांचं पुढे काय झालं? काही संस्थांनी ती जपली आहेत, त्यांचे आभार. पण कार्यालय हलवताना, वाटण्या होताना, गोदाम रिकामं करताना किती चित्रं रद्दीच्या गाडीत गेली याचा हिशेब कुणाकडेच नाही. मी स्वतः रद्दीवाल्याकडून एक मूळ लेटरिंग, म्हणजे हातानं काढलेलं शीर्षक, विकत घेतलं आहे, पांढऱ्या रंगानं केलेल्या दुरुस्त्यांसकट. कान्याची जाडी कलावंतानं केसभर कमी केली होती, ती दुरुस्ती त्यात दिसते. असा एक कागद विद्यार्थ्याला जे शिकवतो, ते माझं तासाभराचं व्याख्यान शिकवत नाही.

वाचनालयांत कव्हर उतरवण्याची रीत अजून आहे. पुस्तक टिकावं म्हणून ते करतात, त्यांचा हेतू चांगला आहे. पण मग मूळ मुखपृष्ठ उरतं कुठे? १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत चित्रांसह पूर्ण आणि उत्तम प्रतींसारखी हवी, असंही त्यात म्हटलं आहे. आपल्यापैकी कितीजण ती नियमानं पाठवतात, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाखाली ताम्रपट आणि शिलालेखांचा अभ्यास होईल, व्हायलाच हवा. शंभर वर्षांची मराठी मुखपृष्ठं मात्र एका ठिकाणी बघायची सोय आजही नाही.

या सगळ्यावर माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक पुस्तकाच्या श्रेयपानावर मुखपृष्ठकाराचं नाव छापा. शीर्षकाचं लेटरिंग वेगळ्या व्यक्तीनं केलं असेल तर तिचंही. फॉन्ट वापरला असेल तर फॉन्टचं आणि तो घडवणाऱ्याचं नाव द्या, त्याला एक ओळ लागते. नव्या आवृत्तीला मुखपृष्ठ बदललं तर पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ कुणाचं होतं ते लिहा, आणि जमेल तिथे ते आतल्या एखाद्या पानावर लहान आकारात छापा.

लेखी करार करा. एका पानाचा पुरे. रक्कम, किती आवृत्त्या, ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक धरून की सोडून, आणि पुढच्या आवृत्तीत बदल करायचा असेल तर आधी विचारण्याचं कलम. नमुना म्हणून असा मसुदा मी तयार केला आहे आणि तो कुणालाही विनामूल्य देईन. तो तुमच्या वकिलांना दाखवा, बदल सुचवा, पण काहीतरी लेखी असू द्या.

प्रकाशकांच्या संघटनांनी मिळून मराठी मुखपृष्ठासाठी दोन पानांचं अक्षरनियमपत्रक करावं. मराठी ल आणि श, अक्षर न ताणणं, कण्यावर शीर्षकाची दिशा एकच ठेवणं, आणि मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा यांचं मुद्रितशोधन झाल्याशिवाय ते छपाईला न देणं. एवढ्या चार गोष्टी आल्या तरी मराठी पुस्तकांची मांडणी वर्षभरात वेगळी दिसेल. मसुद्यासाठी आमच्यापैकी अनेकजण आपला वेळ द्यायला तयार आहेत.

यंत्रानं केलेलं चित्र वापरलं तर तसं स्पष्ट छापा, आणि मूळ चित्रकाराचं काम हाताशी असताना त्याच्या जागी ते वापरू नका.

ज्यांच्याकडे मूळ चित्रं, ब्लॉक, लेटरिंगचे कागद शिल्लक आहेत त्यांनी ते काढून टाकण्याआधी त्या कलावंताच्या घरच्यांना कळवा. ते परत मागू शकतात, जपू शकतात. निदान चांगलं स्कॅन करून घ्या. पुढे सगळ्यांनी मिळून मुखपृष्ठांचा संग्रह कुठल्या ग्रंथसंग्रहालयात ठेवायचा हे बोलता येईल. मुंबईत, ठाण्यात शतकाहून जुनी मराठी ग्रंथसंग्रहालयं आहेत. त्यांना विचारल्याशिवाय ते नाही म्हणतील असं गृहीत का धरायचं?

ज्या संस्थेच्या नव्या मालिकेमुळे हे पत्र लिहावं लागलं, त्यांना वेगळी विनंती. पुढचं पुनर्मुद्रण होईल तेव्हा मूळ मुखपृष्ठं परत आणा, मूळ चित्रकारांच्या नावांसह. ते आज शक्य नसेल तर उरलेल्या प्रतींमध्ये त्यांच्या नावांची चिठ्ठी घाला. शुद्धिपत्र घालण्याची प्रथा आपल्याकडे आहेच.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. यापुढे लेखी करार आणि श्रेयपानावरचं नाव यांशिवाय मी कुणाचंही मुखपृष्ठ करणार नाही, मग ते कितीही आवडत्या लेखकाचं असो. दुसऱ्या चित्रकाराचं मुखपृष्ठ बदलायचं काम आलं तर आधी त्याला किंवा त्याच्या वारसांना विचारलंय का, हे विचारीन. माझ्या बरोबरीच्या आणि नंतरच्या मुखपृष्ठकारांनाही हेच करा असं सांगते आहे. तुमच्याकडून उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक मुखपृष्ठकार
पुणे